वाजवून ओळखायची खिरापत

"कडबोळी. नाही? मग चकली. शेव. चकोल्या... नाही नाही, चकोल्या कशा वाजतील, त्या मागे घेते. शंकरपाळे! तिखटमिठाच्या पुऱ्या! अहो, डबा परत वाजवा. नीट वाजवा, ताक घुसळल्यासारखा काय वाजवताय!"

आमच्या सोसायटीच्या खजिनदारबाई पार्किंगमध्ये उभ्या राहून ओरडत होत्या. त्यांचा आवाज असा, की त्या कसब्यात ओरडल्या तर तिकडे स्वारगेटला कंडक्टर चालू गाडी थांबवतो. डबा माझ्या हातात होता. मी तो पुन्हा कानाशी नेऊन हलवला. आतून कडकड आवाज आला, आणि त्याच्या मागून अगदी हलकं खुळखुळ, कुणीतरी काचेच्या बांगड्या काढून वाटीत ठेवाव्यात तसं.

"गोड की तिखट, तेवढं तरी सांगा," खजिनदारबाई म्हणाल्या.

"सांगायचं नसतं," माझ्या जाऊबाई म्हणाल्या. त्या स्कूटरींच्या रांगेशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि चेहऱ्यावर असे भाव, की जणू डबा दुसऱ्या कुणाचा आहे.

भोंडला पुणेकराला समजावून सांगायची गरज नाही, पण आमच्या इमारतीत आता निम्म्या भारतातून आलेली बिऱ्हाडं आहेत, त्यामुळे मला सांगायची सवय लागली आहे. नवरात्रात संध्याकाळी मध्ये पाट ठेवायचा, पाटावर हत्ती काढायचा, बायकांनी त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची. आणि शेवटी खिरापत. ती झाकलेल्या डब्यात येते. डबा वाजवून दाखवतात, आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखलं तर ओळखणारीची मान ताठ, नाही ओळखलं तर करणारीची. खायला सगळ्यांनाच मिळतं. इतका न्याय्य खेळ मी दुसरा पाहिलेला नाही.

आता हेही सांगायला हवं, की मी थोडं वाढवून सांगते असं लोक म्हणतात. लोक कंजूष आहेत. गोष्ट जेवढी घडते तेवढीच सांगायची म्हणजे पाहुण्याला मोजून पोळ्या वाढण्यासारखं आहे. पण खिरापतीच्या बाबतीत मला काही वाढवावं लागत नाही, कारण आमच्या जाऊबाईंची खिरापत मी या घरात आल्यापासून एकदाही ओळखली गेलेली नाही. एका वर्षी चिंच-तिळाची आंबट चिक्की. एका वर्षी ज्वारीच्या लाह्यांचे तिखट पेढे, ते खाऊन तळमजल्यावरच्या आजोबांची बंद झालेली ऐकू येण्याची शक्ती परत आली. (आजोबा म्हणतात नाही आली. पण मग मी विचारलेलं त्यांना ऐकू कसं आलं?)

जाऊबाई आयुष्यभर एका कारखान्यात ड्रॉइंग तपासायच्या. कुणीतरी काढलेला यंत्राचा नकाशा यांच्याकडे यायचा आणि या त्यात केसाएवढी चूक शोधून परत पाठवायच्या. निवृत्त झाल्यावर तपासायला फक्त आम्ही उरलो. आमचे फ्लॅट समोरासमोर, दारं दिवसभर उघडी. मी पोळी लाटत असले की त्या दारातून बघतात आणि म्हणतात, "डावीकडे जाड आहे." पोळीला डावी बाजू असते हे मला लग्नानंतर कळलं.

खिरापतीचा त्यांचा नियम एकच. पुस्तकातली नको, फोनमधली नको, दुकानातली तर नकोच. "ज्याला आधीपासून नाव आहे ते कुणीतरी आधी केलेलं आहे," असं त्या म्हणतात. "ते मी पुन्हा कशाला करू? ते छान झालेलंच आहे." त्यामुळे श्रावण लागला की आमच्या घरात प्रयोग सुरू होतात, आणि फसलेले प्रयोग आम्ही खातो. माझा नवरा आणि मोठे दीर यांची शरीरयष्टी हा त्या प्रयोगांचा इतिहास आहे.

तर यंदा भाद्रपदात सोसायटीची बैठक झाली. गणपतीचा हिशेब आटोपल्यावर खजिनदारबाईंनी पिशवीतून एक खोका काढून टेबलावर ठेवला. गुळगुळीत, सोनेरी पट्टीचा, वर हत्तीचं चित्र. शहरभर शाखा असलेल्या एका मिठाईवाल्यानं आपणहून देऊ केलं होतं: भोंडल्याला प्रत्येक घराला एक खोका फुकट, बदल्यात पार्किंगमध्ये त्यांचा फलक.

"आता कुणाला वेळ आहे सांगा," खजिनदारबाई म्हणाल्या. "आमची सून आठ वाजता घरी येते. ती खिरापत करणार कधी? हे कसं, स्वच्छ, सीलबंद, सगळ्यांना सारखं."

यात खोटं काही नव्हतं. खजिनदारबाई वाईट नाहीत. सोसायटीची गच्ची गळत होती तेव्हा ठेकेदाराला त्यांनी एकटीनं सरळ केलं होतं. तो माणूस अजून आमच्या गल्लीतून चप्पल हातात घेऊन जातो. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. फुकट या शब्दाला पुण्यात फार आदर आहे.

जाऊबाईंनी खोका हातात घेतला. चष्मा लावला. ड्रॉइंग तपासायचा तोच चष्मा.

"यावर 'खोबऱ्याची वडी' असं छापलंय," त्या म्हणाल्या.

"हो, मग? आत खोबऱ्याची वडीच आहे."

"मागे घटक पण लिहिलेत. खोबरं, साखर, दूध, वेलची."

"हो. ते लिहावं लागतं."

"मग ओळखायचं काय?"

कुणीतरी खुर्ची सरकवली. खजिनदारबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "खोका उलटा धरून वाजवू."

हसलो सगळेच. त्याही हसल्या. पण मग त्यांनी तोड काढली, आणि ती त्यांच्या स्वभावाला धरूनच होती. "हे बघा वहिनी. तुमच्या खिरापतीचं एवढं आहे, तर या वर्षी एक डबा तुमचा. आम्ही ओळखला, तर पुढच्या वर्षीपासून खोके. नाही ओळखला, तर मी परत खोक्याचं नाव काढणार नाही. कबूल?"

"बरं," जाऊबाई म्हणाल्या.

एवढंच. घरी येताना मी जिन्यात भडकले. म्हटलं, वहिनी, तुम्ही एवढ्या सहज कसं कबूल केलंत? त्या कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या. त्यांचे गुडघे गेलेत. फेर धरणं त्यांनी सोडून बरीच वर्षं झाली. भोंडल्यात त्या खुर्चीतच असतात. मग मला एकदम दिसलं. हातात डबा असतो म्हणून त्या खुर्चीला अर्थ आहे. उद्या प्रत्येकीच्या हातात सोनेरी खोका आला, की ही बाई त्या खुर्चीत बसून करणार काय? आम्ही गोल गोल फिरणार आणि ती बघणार. मी गप्प झाले. मी गप्प झाले हे ऐकून माझा नवरा डॉक्टरला फोन करायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी श्रावणापासूनचे प्रयोग बाजूला सारले आणि पडवळ आणलं.

पडवळ. ज्या भाजीचं नाव काढलं की मुलं मामाकडे जातात, ती. "त्याला आयती भोकं असतात," त्या म्हणाल्या. "आणि त्याला स्वतःची चव नाही. हट्ट नाही त्याला. जे शिकवू ते शिकेल." कल्पना अशी होती, की पडवळाच्या बोटभर रुंद कड्या कापायच्या, बिया काढायच्या, आत भाजलेलं सुकं खोबरं, खसखस आणि गुळाचं सारण दाबून भरायचं, वरून तांदळाच्या पिठाचा पातळ हात आणि तळायच्या. बांगडीएवढी गोड, कुरकुरीत कडी. गोड पडवळ. असं काही जगाच्या पाठीवर कुणी केलं नसेल, आणि पहिली खेप खाल्ल्यावर का केलं नसेल तेही कळलं.

पहिल्या खेपेच्या कड्या इतक्या चिवट झाल्या, की माझ्या नवऱ्यानं एक तोंडात टाकली आणि सातच्या बातम्या संपल्या तरी तो चघळत होता. त्यातलीच दुसरी कडी आम्ही कुकरला रिंग म्हणून लावून बघितली. शिट्टी आली. हे मी वाढवून सांगत नाही. भात जरा कमी शिजला, एवढंच. पुढच्या खेपेला गूळ फुटून तेलात उतरला आणि घरभर असा धूर झाला, की समोरच्या इमारतीतून कुणीतरी अग्निशमन दलाला बोलवायचं का म्हणून विचारायला आलं. जाऊबाईंनी त्यांनाही एक कडी दिली. ते परत आले नाहीत.

मग एक खेप बरी झाली. मोठे दीर म्हणाले, "चांगलं झालंय की आता."

"चांगलं झालंय असं म्हणावं लागलं म्हणजे झालेलं नाही," जाऊबाई म्हणाल्या. "पाणी राहतंय. पडवळ आतून घाम गाळतं."

त्या दिवशी त्यांनी कड्या मिठाच्या पाण्यातून काढल्या, फडक्यावर पसरल्या आणि दिरांच्या खोलीतल्या पंख्याखाली वाळत घातल्या. पलंगावर. पलंगालाच सगळ्यात सारखा वारा लागतो असं त्यांचं मोजमाप निघालं. दीर सतरंजी घेऊन आमच्याकडे झोपायला आले, आणि सकाळी चहा पिताना म्हणाले, "माझ्या पलंगावर पडवळ झोपलंय. मी निवृत्तीनंतर याची कल्पना केली नव्हती." पण दुपारी ती खेप सारण भरून तळली, आणि एक कडी मोडल्यावर असा आवाज आला, की दोन्ही भावांनी एकदम हात पुढे केले. बाहेरून अनारशासारखी जाळीदार, आत खसखशीचं सारण, आणि सगळ्याच्या मागे पडवळाचा हिरवा गारवा, काकडीच्या मळ्याजवळून गेल्यासारखा. मी चार खाल्ल्या आणि मग बोलले. जाऊबाईंनी एक कडी डोळ्यासमोर धरून तिची गोलाई बघितली आणि तिची जाडी नखानं चाचपली.

"हां," त्या म्हणाल्या.

त्यांच्याकडून "हां" मिळवायला कारखान्यातल्या इंजिनिअरांनी नोकऱ्या घालवल्या असतील.

आता माझी परीक्षा होती. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे. भोंडल्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी पडवळ घ्यायला मंडईत गेलो. इतकी लांब, इतकी हिरवी पडवळं मिळाली, की कात्रजच्या सर्पोद्यानातून कुणी मोजणी करायला येईल अशी भीती वाटत होती. ती पिशवीत मावेनात. दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होती. आणि लिंबांच्या ढिगापाशी वळलो तर समोर खजिनदारबाई.

त्यांनी पिशवीकडे बघितलं. "एवढं पडवळ?"

मला काही सुचायला हवं होतं. आयुष्यभर मला हवं तेव्हा, नको तेव्हा, झोपेतसुद्धा सुचतं. पण त्या क्षणी माझं डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं झालं, आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत खरं होतं.

"उद्याची खिरापत आहे," मी म्हटलं. "गोड पडवळ. कड्या कापायच्या, रात्रभर मोठ्या दिरांच्या पलंगावर झोपवायच्या, आत खोबरं-खसखस-गुळाचं सारण भरायचं, मग तांदळाच्या पिठात घोळून तळायच्या. बांगडीसारख्या वाजतात. पहिल्या वेळची एक तर आम्ही कुकरला लावली होती."

बोलले आणि मग पिशवी पाठीमागे लपवली. शेजारी जाऊबाई लिंबं निवडत होत्या. त्यांनी एक लिंबू दाबून बघितलं, परत ठेवलं, दुसरं घेतलं.

खजिनदारबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्या हसायला लागल्या. लिंबंवाला पण हसायला लागला. "बाई, तुमचं आपलं काहीतरी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दिरांच्या पलंगावर पडवळ. कुकरला. गेल्या वर्षी म्हणालात, तुमच्या खिरापतीनं आजोबांना ऐकू यायला लागलं." आणि त्या हसत हसत कोथिंबिरीकडे गेल्या.

घरी येईपर्यंत जाऊबाई लिंबांच्या भावाबद्दलच बोलत होत्या. मला जेवण गेलं नाही. म्हणजे नेहमीइतकं गेलं नाही.

तर आता परत त्या पार्किंगमध्ये या, जिथे खजिनदारबाई ओरडताहेत. हत्ती पाटावर उभा आहे, गाणी संपलेली आहेत, आणि जिन्याजवळ मिठाईवाल्यांचे गृहस्थ नमुन्याचे खोके घेऊन उभे आहेत. खजिनदारबाईंची सगळ्या फराळाला हाक मारून झाली होती. मग त्या फराळातून बाहेर पडल्या आणि प्रांतोप्रांती फिरू लागल्या. मठरी झाली, मुरुक्कू झालं. तळमजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या, आयटीत काम करणाऱ्या मुलींपैकी एक म्हणाली, "काकू, मे बी नाचोज?" तिला सगळ्यांनी माफ केलं.

पण तिची मैत्रीण हुशार होती. जळगावकडची, शेतकऱ्याच्या घरातली. ती डब्याजवळ आली, झाकणाशी नाक नेऊन थबकली, आणि खजिनदारबाईंच्या कानाशी लागली. मी त्यांच्या शेजारीच डबा धरून उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"काकू, हसू नका हं. मला पडवळाचा वास येतोय. आमच्या वेलाखाली असाच येतो."

मी डबा जोरजोरात वाजवायला लागले, आणखी कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"ते नाही गं," खजिनदारबाई तिच्या दंडावर थोपटत कुजबुजल्या. "ते यांनीच सांगितलंय मला काल मंडईत. म्हणजे ते तर नक्कीच नाही. पडवळ सोडून काहीही असू शकतं." आणि त्यांनी आवाज चढवला. "खाजाचे कानवले!"

जाऊबाईंनी मान हलवली. नाही.

अखेर तळमजल्यावरच्या आजींनी निवाडा दिला. त्या सगळ्यांत मोठ्या आणि त्यांना भूक लागली होती. "हरलात," त्या म्हणाल्या. "उघडा आता."

जाऊबाईंनी झाकण काढलं. पहिली कडी त्यांनी खजिनदारबाईंच्या हातावर ठेवली. खजिनदारबाईंनी ती मोडली. कट्ट. आत बघितलं. कडेची हिरवी रेघ बघितली. मग माझ्याकडे बघितलं. असा चेहरा मी फक्त एकदाच पाहिलाय, गच्चीच्या ठेकेदाराचा.

"पडवळ," त्या म्हणाल्या.

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"तुम्ही खरं बोलून फसवलंत मला."

एवढं म्हणेपर्यंत त्यांनी कडी तोंडात टाकली होती, आणि चावता चावता त्यांचा राग कुठेतरी खसखशीत हरवला. त्यांनी दुसरी घेतली. तिसरी सुनेसाठी रुमालात बांधली. "खोक्याचं नाव काढणार नाही म्हणाले होते," त्या तोंड भरलेलं असताना म्हणाल्या. "नाही काढत." जळगावची मुलगी मात्र कडी हातात घेऊन हळहळत होती, आणि जाऊबाईंनी तिला जवळ बोलावून म्हटलं, "तुझं नाक चांगलं आहे. श्रावणात ये. एकटीनं आता किसणं होत नाही माझ्याच्यानं." मुलगी इतकी खुलली, की जणू तिचं प्रमोशन झालं.

मिठाईवाल्यांच्या गृहस्थांनी दोन कड्या खाल्ल्या आणि रुमालानं हात पुसत पुढे आले. माणूस जाणकार होता. खाताना त्याचे डोळे मिटले होते, हे मी बघितलं. "ताई, हे काउंटरला ठेवू आपण," ते म्हणाले. "सगळ्या शाखांमध्ये. नाव काय याचं?"

"नाव नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"मग ठेवू की एखादं. कृती तेवढी सांगा."

"हिनं सांगितलीय काल मंडईत," त्यांनी माझ्याकडे हात केला. "सगळी. लिंबंवाल्यालाही माहीत आहे. पण पुढच्या वर्षी वेगळी असते."

गृहस्थ समजूतदारपणे हसले. त्यांचे खोके पोरांनी केव्हाच फोडले होते, आणि खोबऱ्याची वडी चांगलीच होती, मीही खाल्ली. त्यात चूक काही नव्हती. फक्त ती वाजत नव्हती.

घरी आल्यावर जाऊबाई ओट्याशी उभ्या राहून डबा घासायला लागल्या. तो त्या दुसऱ्या कुणाला घासू देत नाहीत. दीर आपला पलंग परत मिळाला म्हणून त्यावर आडवे होऊन पाहत होते. मी दारात टेकून उभी होते. दोन दिवस पोटात धरलेलं मला आता धरवेना.

"वहिनी," मी म्हटलं, "काल मंडईत मी सगळं ओकून टाकलं. सारण, पलंग, कुकर. तुमच्या छातीत धस्स नाही झालं?"

त्यांनी डबा उपडा केला, पाणी निथळू दिलं, आणि फडक्यानं कडा पुसली.

"नाही," त्या म्हणाल्या. "सांगत तू होतीस."